भिकाजीपंतांचा चौथा अध्याय

हे सगळं झालं २०२३ साली. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या आमच्या मराठी मंडळाला त्या वर्षी पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त काहीतरी कायमस्वरूपी करायचं ठरलं होतं. कायमस्वरूपी म्हणजे काय, यावरच तीन मीटिंगा झाल्या. पार्कमध्ये बाकडं, गणपतीला नवं मखर, नाहीतर लायब्ररीला मराठी पुस्तकांचं कपाट. शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं की माझ्या पणजोबांचं एक पुस्तक आहे, ते छापा. तेव्हा गप्प बसले असते तर पुढचे चार महिने माझा रक्तदाब जागेवर राहिला असता.

पणजोबा म्हणजे भिकाजीपंत. इंग्रज सरकारच्या नोकरीत ते देवी काढणारे होते. तट्टावर बसून गावोगाव फिरायचं, मुलांच्या दंडावर देवीची लस टोचायची आणि आठ दिवसांनी परत जाऊन फोड आला की नाही ते बघायचं. ते आले की लोक मुलांना कणगीत लपवत आणि बायका दारातूनच शिव्या घालत. पण भिकाजीपंतांना ओव्या रचता येत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की सरकारी पत्रक ऐकायला कोणी उभं राहत नाही, ओवी म्हटली की लोक बसतात. म्हणून १८८२ साली त्यांनी पटकीवर, म्हणजे आपण आज कॉलरा म्हणतो त्या रोगावर, तीन अध्यायांचं ओवीबद्ध पुस्तक लिहिलं, ‘पटकीनिरूपण’. पहिल्या अध्यायात रोगाचं कारण, दुसऱ्यात प्रतिबंध, तिसऱ्यात उपचार आणि पथ्य. नऊ वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली, तीत त्यांनी चौथा अध्याय घातला. आमचं भांडण झालं ते या चौथ्या अध्यायावरून.

१८८२ साली मोठमोठे सरकारी डॉक्टरसुद्धा मानत की पटकी घाणेरड्या हवेतून येते. ती पाण्यातून येते हे लंडनमधल्या एका डॉक्टराने जवळजवळ तीस वर्षं आधी सांगून ठेवलं होतं, पण त्याचं लंडनमध्येच फारसं कोणी ऐकलं नाही, मग तट्टावरून फिरणाऱ्या माणसापर्यंत ते कुठून पोचणार? भिकाजीपंतांनी पहिल्या अध्यायात लिहिलं:

दुर्गंध उठे ओल्या भूमींतुनी ।
वायु तो नेई घरोघरीं वाहुनी ।
म्हणोनि कवाडें ठेवावीं लावुनी ।
पटकीकाळीं ॥

पुढच्याच वर्षी कृष्णाकाठच्या एका गावात पटकी आली. त्या गावाने भिकाजीपंतांचं ऐकलं. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच एखादं गाव त्यांचं ऐकत होतं. लोकांनी दारं-खिडक्या लावल्या, आत कडुनिंबाचा पाला आणि गंधक जाळलं आणि आजाऱ्यांच्या तोंडात, ज्या आडातून पटकी पसरत होती त्याचंच पाणी घालत राहिले. अकरा माणसं गेली. वर्षभराने वर्तमानपत्रात आलं की एका जर्मन डॉक्टराला कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. भिकाजीपंतांनी ते कात्रण वहीत चिकटवलं आणि सात वर्षं एकही ओवी लिहिली नाही. मग चौथा अध्याय लिहिला. त्यात अकराही जणांची नावं आहेत, घरांसकट. आणि या ओव्या आहेत:

मींच सांगितलें कवाडें लावा ।
मींच म्हणालों धूर करावा ।
आडाचा घोट मुखीं द्यावा ।
हेंही मींच ॥

पहिला अध्याय पुसूं नये ।
चुकला म्हणोनि फाडूं नये ।
वाट हुकली तें विसरूं नये ।
चालणारानें ॥

माझे वडील, अण्णा, मिरजेला हायस्कुलात शास्त्र शिकवत. आमच्या घरात एक पद्धत होती. कोणीही दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत नोकरीला लागलं की निघायच्या आदल्या दिवशी त्याने देवापुढे बसून चौथा अध्याय मोठ्याने वाचायचा. १९६७ साली आम्ही इथे यायला निघालो. माझे यजमान श्रीनिवास यांना इथल्या हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली होती, मला तिथल्याच लॅबमध्ये. बॅगा भरायच्या राहिल्या होत्या, आई स्वयंपाकघरातून हाका मारत होती आणि अण्णा मला बजावत होते की अकराही नावं सावकाश घे, उरकून टाकू नकोस. मी मनातून चडफडत वाचलं. पुढे १९७८ साली लॅबमध्ये माझ्या हातून दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या. कोणाला कळलं नव्हतं, कळलंही नसतं. कन्सल्टंटला सांगायला जिना चढून जात होते तेव्हा ती नावं माझ्या तोंडात होती. सुताराची गोदा, पाटलांची थोरली सून, कोंडीबा गुरव. त्या जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या.

आता समितीचं सांगते. मंडळाने पुस्तकासाठी चौघांची समिती नेमली. अध्यक्ष जयंत, पोटाच्या विकारांचा निवृत्त कन्सल्टंट. तो १९७५ साली इथे आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दोन वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवायचा आणि जेवण झालं की न सांगता कप-बशा विसळायचा. मला वहिनी म्हणतो. दुसरी अनुराधा, सार्वजनिक आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली. तिसरा गिरीश, त्याची फार्मसी होती. चौथी मी, पुस्तक माझ्या घरातलं म्हणून.

मूळ प्रत मिरजेला माझ्या चुलतभावाकडे. त्याने पानांचे फोटो पाठवले आणि मी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी उन्हाळाभर बसून सगळं टाइप केलं. माझी नात उर्वी एडिनबराहून रोज फोन करायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतलं साहित्य आणि विज्ञान यांचं नातं, असा तिच्या प्रबंधाचा विषय होता. तिच्या वर्गात सगळे इंग्रजी कादंबऱ्यांवर लिहीत होते. “आजी, सगळ्यांकडे माकड आहेत, फॉसिल आहेत, टेलिग्राफ आहे,” ती म्हणाली. “देवी काढणारा पोएट फक्त माझ्याकडे. हा पुस्तक म्हणजे माझा पूर्ण थर्ड चॅप्टर.” हा पुस्तक नव्हे, हे पुस्तक, असं सांगायचं मी ती बारा वर्षांची असतानाच सोडून दिलं. पण नातं या शब्दाने मात्र माझं डोकं फिरायचं. ती मला अधूनमधून लेख पाठवायची. साहित्याने विज्ञानाकडून काय घेतलं, विज्ञानाने साहित्याकडून काय घेतलं, जसं काही दोन व्याह्यांमधली देवघेव. भिकाजीपंतांकडे एकच दौत होती. तीत टाक बुडवून ते दिवसा लसीचा तक्ता भरत आणि संध्याकाळी ओवी लिहीत. त्यांना कोणी हे नातं विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

समितीने मात्र कामाला सुरुवात केली ती हॉस्पिटलच्या रीतीने. या तिघांनी आयुष्यभर गाइडलाइन्स लिहिल्या आहेत. गाइडलाइन कशी लिहितात, तर ज्याचा जो विषय त्याला तो भाग द्यायचा, त्याने जुनं झालेलं काढून नवीन घालायचं, दुसऱ्या दोघांनी सही करायची आणि पानाच्या तळाशी व्हर्जनचा आकडा टाकायचा. पहिला अध्याय जयंतला, दुसरा अनुराधाला, तिसरा गिरीशला. चौथ्यात वैद्यकीय काही नाही म्हणून तो अध्यक्षांकडेच ठेवला. दुसऱ्याचा अध्याय वाचू नका असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण कोणी वाचला नाही. मला वाटलं, हे लोक प्रस्तावना लिहितील, टिपा देतील.

सप्टेंबरात फाइल आली. ‘फायनल व्हर्जन ३.२’. पहिल्या पानावर ही ओवी:

दूषित पाणी हे रोगाचे कारण ।
उकळून प्यावे, करावे निवारण ।
हात धुवावे साबण लावून ।
वीस सेकंद ॥

मी चष्मा पुसला आणि परत वाचली. मग तिसऱ्या अध्यायावर गेले. भिकाजीपंतांनी रोग्याला मीठ घातलेली तांदळाची पेज द्यायला सांगितलं होतं, जे आजही बरोबर आहे. गिरीशने ती पेज काढून एका लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ओवीत बसवलं होतं, आणि चमचे सपाट असावेत हेही बसवलं होतं. त्याला किती कष्ट पडले असतील. तिसरा अध्याय संपला आणि त्याच्या खालीच हॉल देणाऱ्या कौन्सिलचे आभार होते. चौथा अध्याय नव्हताच.

मी जयंतला फोन लावला. तो अगदी शांतपणे म्हणाला, “वहिनी, तो आता रिडंडंट होतो. पहिल्या अध्यायात चूकच राहिलेली नाही, मग माफी कशाची मागणार?”

मी फोन ठेवून दिला. ठेवल्यावर आठवलं की बोलणं संपलं नव्हतं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी मी समितीला घरी बोलावलं. एरवी कोणी येणार असलं की मी वडे करते. त्या दिवशी मुद्दाम चहा आणि दुकानातली बिस्किटं ठेवली. गिरीशने दोनदा स्वयंपाकघराकडे बघितलं, मी दुर्लक्ष केलं. उर्वीला एडिनबराहून स्क्रीनवर घेतलं होतं. मी सांगितलं की लेखकाने स्वतः पहिला अध्याय पुसू नका असं लिहून ठेवलंय, आणि तुम्ही तो पुसलात, आणि पुसू नका हे जिथे लिहिलंय तेही काढून टाकलंत. अनुराधा आणि गिरीश एकमेकांकडे बघायला लागले. चौथा अध्याय त्या दोघांनी पाहिलाच नव्हता. जयंतने अनुराधाला फक्त एवढंच विचारलं होतं की पेशंटची नावं छापता येतात का, आणि तिने ताबडतोब नाही म्हणून कळवलं होतं.

“उल्काताई, अकरा पेशंट, नावागावानिशी,” ती मला समजावत म्हणाली. “कन्सेंट कुठाय यांचा?”

“अनुराधा, ती माणसं १८८३ साली गेली.”

“तेच म्हणतेय मी. त्यांचे नातेवाईक असतील ना.”

गिरीशचं म्हणणं जरा वेगळं होतं. त्याच्या मते उद्या कोणीतरी पहिल्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवेल, की बघा, कॉलरा हवेतून होतो, खाली आपल्या मंडळाचं नाव. करोनाच्या दोन वर्षांत तो काउंटरमागे उभा राहून लोकांना वाफ आणि काढे यांच्यापासून परावृत्त करत होता, त्यात त्याचा आवाज बसला तो कायमचा. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, पण मी तसं म्हटलं नाही.

मग उर्वी बोलली. “काका, त्या टाइमला सायन्स आणि लिटरेचर असा वेगळा नव्हता. तुम्ही सायन्स अपडेट केला तर पोएम खोटा होतो. तो माणूस चुकला, मग त्याला कळला, मग त्याने सांगितला. हे तिन्ही पाहिजे. एक काढला की बाकी पडतात.”

माझ्या मनात होतं ते हेच होतं, आणि मी महिनाभर धडपडून मला ते असं सरळ सांगता आलं नव्हतं. तिघांनीही माना डोलावल्या. अनुराधा म्हणाली की इथे जन्मून पोर किती छान मराठी बोलते. गिरीशने तिच्या आईबापांचं कौतुक केलं.

जयंत तासभर बिस्किटाचे तुकडे करून बशीत मांडत होता. शेवटी म्हणाला की मत घेऊन टाकू. तीन विरुद्ध एक. उर्वीला मत नव्हतं. अनुराधा आणि गिरीश कोट घालून निघून गेले.

जयंत मात्र गेला नाही. कप गोळा करून सिंकपाशी गेला आणि विसळायला लागला. मी मागोमाग गेले. मला भांडायचंच होतं.

“चौथा अध्याय वाचलास तू?”

“वाचला.”

“पुरता?”

“दोनदा.” त्याने कप पालथा घातला. “वहिनी, मला तो वाचवत नाही.”

मी तोंड सोडलं. वाचवत नाही तर तसं म्हणायचं होतंस, रिडंडंट कसला, कन्सेंट कसला, त्या अनुराधाला कशाला पुढे केलंस, माझे डोळे गेले टाइप करून. तो पाठमोरा उभा राहून ऐकत होता. मी दमले तेव्हा नळ बंद करून म्हणाला, “आठ मार्च.”

आठ मार्च २०२० ला, रविवारी, श्रीनिवासांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ऐंशी वर्षं आणि आठ महिने पुरे झाले होते. हॉल मी जानेवारीतच घेऊन ठेवला होता. फेब्रुवारीच्या शेवटी इटलीतल्या बातम्या यायला लागल्या तशी मी घाबरले आणि बुधवारी जयंतला फोन केला, की कार्यक्रम करू का नको? त्याने एक दिवस मागून घेतला, रात्री बसून काय काय वाचलं आणि गुरुवारी सांगितलं की करा. रोग हाताने पसरतो, तेव्हा हातात हात द्यायचा नाही, नमस्कार करायचा, दाराशी सॅनिटायझर ठेवायचं, जो कोणी खोकत असेल त्याने यायचं नाही. मी अक्षरन् अक्षर पाळलं. दाराशी टेबल मांडून अनुराधाच उभी होती. साठ माणसं आली. बाहेर गारठा होता म्हणून हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि औक्षण झाल्यावर सगळ्यांनी मिळून दोन तास भजनं म्हटली. हात सगळ्यांचे स्वच्छ होते. पुढच्या पाच आठवड्यांत त्यांतले चौघे गेले. श्रीनिवास तिसरे. मला त्यांचा चेहरा एका नर्सच्या फोनवर दिसला.

हे सगळं माझ्या रोजच्या आठवणीतलं होतं. पण ते जयंतच्याही रोजच्या आठवणीत असेल, असं मला खरंच कधी वाटलं नव्हतं.

“तुला तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढं तू सांगितलंस,” मी म्हणाले.

“त्यांनीही तेवढंच सांगितलं होतं.” भिकाजीपंतांबद्दल बोलत होता.

“मी तुला एका शब्दाने तरी बोलले का रे कधी?”

“बोलला असतात तर बरं झालं असतं.”

मला खोटं बोलता आलं असतं. सत्तरी ओलांडलेला माणूस हातात कपाचं फडकं घेऊन उभा होता. पण आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी खोटं पुरेसं झालं होतं.

“मनात बोलले,” मी म्हणाले. “पहिलं वर्षभर रोज बोलले. सकाळी उठल्यावर आधी तुझं नाव यायचं.”

त्याने मान हलवली. रिपोर्ट जसा येणार असं वाटत होतं तसाच यावा, तशी.

“आणि नंतर?”

“नंतर मला स्वतःला बोलायला लागले. हॉल मी घेतला होता. भजनंही मीच ठेवायला लावली, त्यांना आवडायची म्हणून.”

तो खाली बसला. मी बसले नाही. मला त्याची कीव येत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. साडेतीन वर्षं हा माणूस दिवाळीला, गणपतीला, संक्रांतीला माझ्या समोर येऊन लाडू चांगले झालेत म्हणत होता, आणि मीही त्याला डब्यात आणखी चार घालून देत होते. दोघांनी मिळून काय साधलं? आणि आता स्वतःला सोसत नाही म्हणून एकशे तीस वर्षांपूर्वी एका माणसाने सोसून लिहिलेलं हा पुसायला निघाला होता.

“जयंत, तुला जमत नसेल तर तू वाचू नकोस,” मी म्हणाले. “पण त्या माणसाला सात वर्षं लागली ते लिहायला. छापायचं तर पुरं छापा, पहिला अध्याय चुकीचा आहे तसाच चुकीचा. नाहीतर मी टाइप केलेलं मला परत द्या. मंडळाने बाकडं बसवावं.”

“मत झालंय वहिनी.”

“मग त्या मतावर माझं पुस्तक छापायचं नाही.”

त्याने मफलर गुंडाळला आणि गेला. फडकं खुर्चीच्या पाठीवर घडी घालून ठेवलं होतं. उर्वी तेवढा वेळ स्क्रीनवर तशीच होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. म्हणाली, “आजी, मी सगळा ऐकला. सॉरी.” तिला मी म्हटलं, प्रबंधात घालू नकोस. तिने घातलं नाही.

दहा दिवस कोणाचा फोन नाही. मी आयटीतल्या लोकांना विचारलं की एखादी फाइल दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून पुसता येते का. येत नाही म्हणाले. अकराव्या दिवशी जयंतची ईमेल आली, सोबत फाइल. तिचं नाव ‘व्हर्जन १’. पहिला अध्याय होता तसा, कवाडं लावा म्हणणारा. पेज परत आली होती, साखरेचे चमचे तळटिपेत गेले होते. चौथा अध्याय होता आणि अकरा नावं होती. त्याने ती ठळक केली होती, मी साधी केली. सुरुवातीला दीड पानाची ‘वाचकांसाठी वैद्यकीय सूचना’ होती, पहिल्या अध्यायातली कोणतीही गोष्ट करून बघू नका म्हणून, तीही सात कलमांत. ती वाचून मी इतकी वैतागले की उठून दोन वेळा चहा केला. ईमेलमध्ये एवढंच होतं: “वहिनी, आठ मार्चचा कार्यक्रम करा असं मीच म्हणालो होतो, हे अनुराधा आणि गिरीश यांना मी स्वतः सांगितलं. त्यांची हरकत नाही. सूचना काढू नका.” मी काढली नाही.

जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीच्या कार्यक्रमात पुस्तक निघालं. उर्वीने चौथा अध्याय वाचला. काही शब्दांवर ती अडखळली, नावांवर अडखळली नाही. जयंत आला नव्हता. तो त्या आठवड्यात स्पेनला गेला होता, उन्हासाठी, असं कळलं.

दोनशे प्रती छापल्या, त्यांतल्या सत्तर अजून गिरीशच्या गॅरेजमध्ये आहेत. त्याने फार्मसी विकली आणि आता तो ॲलॉटमेंटवर, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, मेथी लावतो. उन्हाळा सुरू झाला की पेजेची ओवी सगळ्यांना फॉरवर्ड करतो, फोटोसकट, खाली मंडळाचं नाव.

अनुराधा लंडनला, ईलिंगमध्ये, मुलीजवळ राहायला गेली. तिला ते कन्सेंटचं स्वस्थ बसू देईना, म्हणून तिने त्या गावच्या ग्रामपंचायतीला रीतसर पत्र लिहिलं. तीन महिन्यांनी सरपंचबाईंचं उत्तर आलं की नावांपैकी चार घराणी अजून गावात आहेत, कोणाची हरकत नाही आणि शाळेसाठी दोन प्रती पाठवा. तिने दहा पाठवल्या. उत्तराची झेरॉक्स मला पाठवली, फाइलला लावायला.

उर्वीला प्रबंधावर चांगले मार्क मिळाले. परीक्षकांनी विचारलं की हे पुस्तक साहित्यात धरायचं की विज्ञानात, तर ती म्हणाली की लेखकाने सांगितलेलं नाही. आता ती एडिनबराच्या एका हॉस्पिटलमध्ये पेशंटसाठी माहितीपत्रकं लिहिते. डॉक्टर तिची वाक्यं बदलतात आणि मग ती मला फोन करून त्यांच्या नावाने बोटं मोडते. ते ऐकायला मला फार आवडतं.

मूळ प्रत चुलतभावाने मिरजेच्या एका वाचनालयाला दिली. मला विचारलं नाही. मी त्र्याऐंशी वर्षांची झाले, उजव्या डोळ्याने आता वाचता येत नाही. समितीवर येता का म्हणून कोणी विचारत नाही, ते एक बरं झालं.

जयंतने २०२५ च्या मार्चमध्ये आठ मार्चनंतर गेलेल्या बाकीच्या तिघांच्या घरी फोन केले. आधी मला सांगितलं नव्हतं, झाल्यावर सांगितलं. पहिल्या घरी त्या बाई तासभर नवऱ्याबद्दल बोलत राहिल्या आणि त्याने काय सांगायला फोन केलाय ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या घरी मुलाने सगळं ऐकलं आणि फोन ठेवला. तिसरं घर विकलं गेलं होतं. ती माणसं लेस्टरला गेली असं कळलं म्हणून तिथला पत्ता शोधून त्याने हाताने पत्र लिहिलं, साडेचार पानांचं. टाकायच्या आधी मला वाचून दाखवू का म्हणाला. मी नको म्हटलं. त्याला उत्तर आलं की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.